म्हातारीची बाज

महाल, नागपूर

ती. ताईस,


डिसेंबरच्या सुटीत मुलांना पेंचला न्यायचं म्हणतेस. वाघ दिसेल का, ते कुणीच सांगू शकत नाही. पण पेंचची रात्र मुलांनी चुकवू नये.

नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याने, मनसर मागे टाकून सिल्लारीला पोचायचं. जेमतेम सत्तर किलोमीटर. जानेवारी २०२४मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाचा महाराष्ट्रातला भाग देशातला पहिला आणि आशियातला पाचवा ‘डार्क स्काय पार्क’ ठरला. अंधार राखल्याबद्दल मिळालेला हा मान आहे, आणि तो राखण्यात जंगलाकाठच्या गावांचा वाटा मोठा. वाघोली, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतले शंभराहून जास्त दिवे बदलले; नव्या दिव्यांचा उजेड वर न जाता फक्त जमिनीवर पडतो. गावं अंधारात ढकलली नाहीत, ही त्यातली सर्वांत चांगली गोष्ट. जनावरांच्या वाटेवर राहणाऱ्या माणसाला दारापुढे उजेड लागतोच. वाघोलीच्या तलावाजवळ आकाश बघायची जागा आहे, तिथे दुर्बीणही आहे.

आजी उन्हाळ्यात अंगणात झोपायची तेव्हा सप्तर्षींकडे बोट दाखवून सांगायची ते आठवतं ना? चार तारे म्हणजे म्हातारीची बाज, मागचे तीन म्हणजे ती पळवायला आलेले चोर. ही गोष्ट फक्त आपल्या घरची नव्हे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले मयंक वाहिया आणि त्यांचे सहकारी गणेश हलकारे यांनी विदर्भातल्या गोंड गावांत फिरून तिथलं तारेज्ञान टिपलं. २०१३मध्ये ते प्रसिद्ध झालं. गोंडांकडेही सप्तर्षी म्हणजे म्हातारीची बाज आणि चोरच! आणि आपण ज्याला मृग म्हणतो, त्यातले पट्ट्याचे तारे त्यांच्याकडे नांगर होतात. मृग लागला की पेरणी, हे ज्यांच्या अंगवळणी पडलंय त्यांना आकाशात नांगर दिसणारच.

म्हणून एक मनापासून सांगतो. दुर्बिणीतून गुरू, शनी जे दिसेल ते मुलांना दाखवच. पण सोबतच्या गाइडला, चहा देणाऱ्या आजीला विचार, ‘तुमच्याकडे याला काय म्हणता?’ जंगलकाठच्या माणसाने पाहुण्याला फक्त गाडीतून फिरवून आणावं आणि त्याच्या आजीची गोष्ट कुणी विचारूही नये, याचं फार वाईट वाटतं. त्या गोष्टीला श्रोता मिळाला, तर घरातलं पोरही ती पुन्हा कान देऊन ऐकेल.

अमावास्येच्या आसपासचे दिवस धर. स्वेटर, कानटोप्या आण. बॅटरीवर लाल कागद लाव, म्हणजे अंधाराला सरावलेले डोळे दिपत नाहीत. नांगर संध्याकाळीच पूर्वेला वर येईल. बाज मात्र मध्यरात्र उलटल्यावर नीट दिसते, तेव्हा मुलांना दुपारी झोपव.

तुझा,
धाकटा