जागा किती, बोलावले किती

पुणे,
रविवार

चि. सायली,


तुझा मेसेज वाचला. ‘आत्या, किती मुलाखती दिल्या की एक नोकरी लागते?’ एवढंच तू विचारलंयस. पण ‘माझ्यातच काहीतरी कमी असणार’ हे न लिहिलेलं वाक्यही मी वाचलं. फोनवर धीराचे चार शब्द बोलले असते तर तू ‘हो हो’ म्हणून ऐकून घेतलं असतंस, म्हणून सविस्तर लिहितेय. माझी सगळी नोकरी भरतीच्या कामात गेली. टेबलाच्या पलीकडे काय चालतं ते तुला घरातलं कुणीतरी नीट सांगायलाच हवं.

आधी जिथे आकडे उघड असतात तिथलं बघ. 2024 ची यूपीएससीची नागरी सेवा परीक्षा घे. पूर्वपरीक्षेला 5,83,213 जण बसले. मुख्य परीक्षेला 14,627 जण पात्र ठरले, मुलाखतीला 2,845 आणि शेवटच्या यादीत 1,009 नावं आली. म्हणजे मुलाखतीपर्यंत पोहोचलेल्या दर तिघांपैकी जवळजवळ दोघं रिकाम्या हाताने परतले. ही मुलं काही कमी अभ्यासाची नव्हती. जितक्या जागा, त्याच्या साधारण दुप्पट उमेदवार मुलाखतीला बोलवायचे असं आयोगाच्या नियमातच आहे आणि प्रत्यक्षात त्याहून जास्तच बोलावले जातात. निम्म्याहून अधिक लोकांचा नकार त्यांनी तोंड उघडण्याआधीच हिशेबात धरलेला असतो. शिवाय एकूण 2025 गुणांपैकी मुलाखतीचे 275. बाकीचे 1750 लेखी परीक्षेत आधीच पडून गेलेले असतात.

आपला अनिकेत भोपाळला सैन्यातल्या अधिकारी निवडीच्या एसएसबी मुलाखतीला गेला होता, आठवतं? तिथे तर जागांचं गणितही दिसत नाही. पहिल्या दिवशी स्क्रीनिंग, त्यात बरेच जण त्याच दिवशी परत. उरलेल्यांची मानसशास्त्रीय चाचणी, ग्राउंडवरची कामं, वैयक्तिक मुलाखत आणि शेवटच्या दिवशी कॉन्फरन्स. मग निवडलेल्यांचे चेस्ट नंबर वाचून दाखवतात. कधी एकदोन नंबर, कधी एकही नाही. पण मला त्या पद्धतीतली एक गोष्ट फार मोलाची वाटते: मुलाला त्याच दिवशी, तोंडावर, हो की नाही ते कळतं.

खाजगी कंपनीत नेमकं हेच होत नाही. चाकणला काय, रांजणगावला काय, हिंजवडीला काय, ‘आम्ही कळवू’ म्हणतात आणि पुढे महिना गेला तरी कुणी कळवत नाही. एका जागेला चार जण बोलावलेत की चौदा, हेही तुला कुणी सांगत नाही. त्यामुळे तू सगळ्या नकारांची बेरीज करून ती स्वतःच्या नावावर मांडतेस. ती तिथे मांडू नकोस.

तू खोलीतून बाहेर पडल्यावर काय होतं ते सांगते. समज, एका ऑटो कंपोनंट कंपनीत क्वालिटी इंजिनिअरची एक जागा आहे. टेबलावर पाच बायोडेटा. क्वालिटी हेड, प्रॉडक्शनचे एक साहेब आणि एचआरची एक बाई. पाचातले दोघं पहिल्या दहा मिनिटांत बाजूला पडतात, ड्रॉइंग वाचता येत नाही म्हणून. उरतात तिघं, आणि तिघंही चालणारी असतात. हे नीट लक्षात घे, तिघंही चालणारी. मग बोलणं सुरू होतं. ‘हिने सीएमएम मापनयंत्रावर काम केलंय, शिकवायला लागणार नाही.’ ‘तो लगेच जॉइन होईल, हिचा नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा आहे.’ ‘हा तळेगावातच राहतो, तिसऱ्या शिफ्टला अडचण नाही.’ या तीन वाक्यांवर एकाचं नाव वर जातं. राहिलेल्या दोघांनी उत्तरं चुकवलेली नसतात. दुसऱ्या नावापुढे शिसपेन्सिलीने ‘होल्ड’ लिहिलं जातं आणि फाइल मिटते.

या होल्डबद्दल तुला कुणीच सांगितलेलं नसणार. पहिल्याला ऑफर जाते. तो ती सध्याच्या कंपनीत दाखवतो, तिथे पगार वाढवून देतात आणि तो तिथेच थांबतो. किंवा त्याच्या हातात आधीच दोन ऑफर असतात आणि जॉइनिंगच्या सकाळी तो फोनच उचलत नाही. मग दोन-अडीच महिन्यांनी होल्डवरच्या मुलीला फोन जातो. म्हणून तर दुसऱ्या नंबरला स्पष्ट नकार कळवत नाहीत. उमेदवाराच्या मनाचं काय होतं याची पर्वा न करता त्याला ताटकळत ठेवायचं, ही आपल्या कंपन्यांची अतिशय वाईट सवय आहे. दोन ओळींची मेल टाकायला काही खर्च येत नाही. मी हे मीटिंगांमध्ये बोलत आले आणि अजूनही बोलते.

कधी कधी तर जागाच नसते. मुलाखती चालू असतानाच वरून भरती थांबवण्याचा निरोप येतो. किंवा आतल्याच एका माणसाची बदली आधीच ठरलेली असते, पण निदान तीन बाहेरचे उमेदवार बघितल्याची नोंद फाइलला लागते. अशा मुलाखतीत तू कितीही चांगलं बोललीस तरी ऑफर निघणार नसते.

आता तुझ्या प्रश्नाचा हिशेब. समज, प्रत्येक ठिकाणी एका जागेला पाच जण बोलावलेत आणि पाचही तुझ्याच तोडीचे आहेत. मग एका मुलाखतीत तुझी निवड होण्याची शक्यता पाचात एक. अशा पाच मुलाखती दिल्या तर शंभरातल्या तेहतीस जणांच्या पदरी पाचही नकार येतात. दहा दिल्या तरी दहा-अकरा जण रिकामे राहतात. यात कुणाची चूक नाही, कुणात काही कमी नाही, नुसता गुणाकार आहे. तू अजून पाच-सहावरच आहेस.

पण याचा अर्थ डोळे मिटून मुलाखती देत राहायच्या असा नाही. नकार कुठल्या पायरीवर येतोय ते बघ, कारण दुरुस्ती तिथेच करायची असते. अर्ज करून बोलावणंच येत नसेल तर बायोडेटात दोष आहे, किंवा चुकीच्या जागी अर्ज जातायत. टेक्निकल राउंडलाच गाडी अडत असेल तर जिऑमेट्रिक टॉलरन्स, कंट्रोल प्लॅन, एफएमईए पुन्हा काढून बस. तू मागे म्हणालीस त्याप्रमाणे दोनदा प्लांट हेडपर्यंत पोहोचलीस, पगाराचं बोलणंही झालं आणि मग शांतता. तिथवर गेलेल्या उमेदवाराला चालणाऱ्यांत धरलेलं असतं. तेव्हा आपली बोलायची पद्धत, आपला स्वभाव बदलायच्या मागे लागू नकोस. प्रत्येक नकारानंतर नवा मुखवटा चढवणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांच्या मुलाखती पुढेपुढे बिघडतच जातात.

आणि घेणाऱ्यांचा अंदाजही फार पक्का असतो असं समजू नकोस. 2002 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानेमन तरुणपणी इस्रायलच्या सैन्यात होते. 1955 मध्ये त्यांच्याकडे जवानांच्या मुलाखतींचं काम आलं. मुलाखत घेणारे इकडचं तिकडचं बोलून माणसाबद्दल एक ठसा बनवायचे, आणि पुढे कोण चांगलं काम करेल ते त्या ठशावरून जवळजवळ काहीच कळत नव्हतं. कानेमननी सहा स्वभावगुण ठरवले, प्रत्येकाचे ठरावीक प्रश्न ठरवले आणि एकाचे गुण दिल्याशिवाय पुढच्याकडे जायचं नाही असा नियम घातला. अंदाज बराच सुधारला, तरी अचूक झाला नाही. आपल्याकडेही मूल्यमापनाचा तक्ता असतो, पण पुष्कळ ठिकाणी तो नाव ठरल्यानंतर भरला जातो. सरकारी भरतीत तर केंद्र सरकारने 1 जानेवारी 2016 पासून गट क आणि गट ब अराजपत्रित पदांच्या मुलाखतीच बंद केल्या. वशिल्याला वाव राहू नये हा त्यातला हेतू मला पूर्ण पटतो.

आता बुधवारच्या तुझ्या मुलाखतीचं बघ. मुलाखत संपताना ‘तुम्हाला काही विचारायचंय का?’ असं विचारतील. तेव्हा संकोच न करता दोन गोष्टी विचार: ही जागा नवीन आहे की कुणी सोडून गेल्यामुळे रिकामी झाली, आणि निर्णय साधारण कधीपर्यंत होईल. सांगितलेली तारीख उलटली की दुसऱ्या दिवशी एक साधी मेल टाक. होल्डवरचं नाव पुन्हा वर येतं ते पुष्कळदा अशा मेलमुळेच. प्लांट हेडपर्यंत पोहोचलीस त्या दोन कंपन्यांनाही याच आठवड्यात लिही. आणि कुणीही तोंडी ‘तुमचं पक्कं आहे’ म्हटलं तरी ऑफर लेटर हातात पडेपर्यंत बाकीचे अर्ज थांबवू नकोस.

दादाला सांग, रोज संध्याकाळी ‘काय झालं?’ विचारू नकोस म्हणून. नाहीतर मीच सांगते.

तुझी,
आत्या