सरस-निरस वाटप आणि घाईची सही

राष्ट्रीय लोकअदालत झाली की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात जिल्ह्याजिल्ह्याचे आकडे येतात. इतकी हजार प्रकरणं निकाली, इतक्या कोटींची वसुली. वाचून बरं वाटायला हवं, पण मला तो आकडा दरवेळी सलतो. 2023 या एका वर्षात देशभरच्या राष्ट्रीय लोकअदालतींत साडेआठ कोटींच्या आसपास प्रकरणं मिटल्याची सरकारी नोंद आहे. त्याच वर्षी देशातल्या सगळ्या न्यायालयांत मिळून पाच कोटींच्या वर प्रकरणं पडून होती. हिशेब सरळ असता तर वर्षअखेर कोर्टं रिकामी व्हायला हवी होती. ती झाली नाहीत, कारण त्या साडेआठ कोटींतली सात कोटींहून जास्त प्रकरणं दाखलपूर्व होती, म्हणजे कोर्टात कधी गेलेलीच नव्हती. बँकेची थकबाकी, वीजबिल, घरपट्टी, वाहतुकीचं चलन अशा स्वरूपाची ही प्रकरणं. ती मिटली हे चांगलंच झालं, पण त्यामुळे दिवाणी कोर्टाच्या कपाटातली एक फाइलही कमी होत नाही. वाटपाचे, हद्दीचे, वहिवाटीच्या रस्त्याचे, भाडेकरूचे दावे होते तिथेच राहतात. देशात प्रलंबित दिवाणी दाव्यांची संख्या एक कोटीच्या पुढे आहे. तडजोडीच्या मार्गावर माझा मनापासून विश्वास आहे, म्हणूनच त्याचं यश अशा आकड्यांनी मोजलेलं मला सहन होत नाही.

कायद्याची बाजू सर्वांना ठाऊक आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 89 नव्या रूपात 2002 पासून लागू आहे. लवाद, समेट, लोकअदालत, मध्यस्थी हे सगळे रस्ते त्यात आहेत. त्या कलमात मध्यस्थी आणि न्यायिक तडजोड यांच्या व्याख्यांची अदलाबदल झाल्याचं 2010 साली सर्वोच्च न्यायालयानेच दाखवून दिलं, आणि 2023 साली मध्यस्थीचा स्वतंत्र कायदा आला. रस्ते आहेत, मग माणसं त्यावरून का जात नाहीत? उत्तर म्हणून लोकांची भांडखोर वृत्ती, वकिलांचा स्वार्थ, प्रचाराचा अभाव अशी कारणं दिली जातात. मला ती अपुरी वाटतात. खरं कारण असं की बहुतेक दिवाणी दाव्यांत एका बाजूला उशीरच हवा असतो. जमीन ज्याच्या कब्जात आहे, त्याला दर हंगामाचं पीक मिळतं. जुन्या भाड्यात राहणाऱ्याला प्रत्येक तारीख फायद्याची असते. अशा माणसाने आज टेबलाशी बसून काही सोडावं तरी कशासाठी? दोन वर्षांत आपल्याविरुद्ध हुकूमनामा होईल आणि त्याची अंमलबजावणीही होईल, अशी खात्री असेल तरच तो बसेल. म्हणून ‘कोर्टावरचा भार कमी करायला तडजोड’ हा क्रमच उलटा आहे. कोर्ट वेळेवर चालतं तिथेच तडजोडीला किंमत येते. न्यायाधीशांच्या रिकाम्या जागा भरायच्या नाहीत आणि मध्यस्थी केंद्रांची उद्घाटनं करायची, याने दोन्ही गोष्टी बुडतील. दहा लाख लोकसंख्येमागे पन्नास न्यायाधीश असावेत, असं विधी आयोगाने 1987 साली सांगितलं होतं. आज त्याच्या निम्मेही नाहीत.

तरीही एक दावा असा आहे की त्यात मी डोळे मिटून मध्यस्थीच्या बाजूने उभा राहीन. तो म्हणजे शेतजमिनीच्या वाटपाचा दावा. या दाव्यात कोर्ट शेवटी काय ठरवतं? कोणाचा हिस्सा किती. तीन भाऊ आणि दोन बहिणी असतील तर प्रत्येकाचा पाचवा हिस्सा, हे बहुतेक घरांत पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. तेवढ्यासाठी साक्षीपुरावे होतात, युक्तिवाद होतात, मधल्या काळात एखादा वादी जातो आणि त्याचे वारस दप्तरी आणावे लागतात. मग प्राथमिक हुकूमनामा मिळतो. घरात पेढे वाटले जातात आणि खरी पायपीट तिथून सुरू होते. महसुली जमिनीची प्रत्यक्ष वाटणी कोर्ट करत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 54 खाली तो कागद जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, तिथून तहसीलदारांकडे, तिथून भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीसाठी. मोजणीची तारीख लागते तेव्हा ऊस उभा असतो, किंवा एका भावाला नोटीस पोचलेली नसते, किंवा तो बांधावर येऊन हरकत घेतो. नकाशा तयार झाला की सरस-निरसाची तक्रार निघते: त्याला काळी जमीन आणि मला मुरमाड का? सुरुवातीला नात्यात निदान बोलणं होतं, शेवटी लग्नपत्रिकासुद्धा जात नाही. हक्क असल्याचा हुकूमनामा पेटीत ठेवून जमिनीचा ताबा न मिळताच म्हातारं होणं, ही मला आपल्या न्यायव्यवस्थेतली सर्वांत क्रूर गोष्ट वाटते. इथे कोणी गुन्हा केलेला नसतो, फक्त वेळ जात राहतो. प्राथमिक हुकूमनाम्यानंतर पक्षकारांच्या अर्जाची वाट न पाहता कोर्टाने स्वतःहून पुढचं काम हाती घ्यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 साली सांगितलं. ते योग्यच आहे, पण हुकूमनाम्याला मुळातच जे जमत नाही ते यानेही जमणार नाही. विहीर एकाच गटात आली तर पाण्याच्या पाळ्या कशा लावायच्या, आंब्याची झाडं कोणाच्या वाट्याला, बैलगाडी जाईल एवढी वाट कुठून सोडायची, थोरल्याने पाइपलाइनसाठी काढलेलं कर्ज कोणी फेडायचं, हे एका बैठकीत बोलून ठरवायचे विषय आहेत. हुकूमनाम्याला अपूर्णांकात हिस्से सांगता येतात, पाळीपत्रक लावता येत नाही.

हे केवळ माझं स्वप्न नाही. महाराष्ट्र सरकारने जानेवारी 2023 मध्ये सलोखा योजना आणली. एकाच्या नावावरची शेतजमीन दुसऱ्याच्या कब्जात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या कब्जात, असा गोंधळ राज्यात गावोगाव आहे. जमीन एकत्रीकरण योजनेतल्या चुका हे त्याचं एक मोठं कारण. बारा वर्षांचा असा ताबा असेल आणि दोघे राजी असतील, तर अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक शुल्क नाममात्र हजार रुपये आणि नोंदणी फी हजार रुपये. ‘मिटवून घ्या’ असा नुसता उपदेश न करता मिटवण्याचा खर्च आणि खटपट कमी केली, म्हणून मला ही योजना मोलाची वाटते. वाटपाच्या दाव्यातही हेच व्हावं. तडजोड झाली की मोजणी अग्रक्रमाने व्हावी आणि फेरफार ठरलेल्या मुदतीत नोंदवला जावा.

आता सर्वांत मोठा आक्षेप, आणि त्याच्यापाशी मी बराच वेळ अडलो आहे. तडजोडीत नेहमी दुबळा माणूस सोडतो, आणि वाटपात दुबळी असते ती बहीण. महाराष्ट्राने 1994 साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत वाटा दिला, केंद्राने 2005 साली, आणि 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क जन्मतःच असल्याचं स्पष्ट केलं. तरी साडीचोळीवर हक्कसोडपत्र लिहून घेणं थांबलेलं नाही. लोकअदालतीच्या दिवशी पॅनेलसमोर गठ्ठ्याने प्रकरणं असतात. तडजोडीची पुरसिस तयार असते, भाऊ शेजारी उभे असतात, ‘माहेर तुटेल’ हे कोणी मोठ्याने म्हणायचीही गरज नसते, आणि सही होते. त्या निवाड्यावर अपील नाही. हायकोर्टात रिट करायचं तर तेही मोजक्याच कारणांवर. कोर्टातल्या तडजोडीचा हुकूमनामा बेकायदा होता म्हणून वेगळा दावाही लावता येत नाही. मध्यस्थी कायद्यात करार मोडायची कारणं फसवणूक, भ्रष्टाचार, तोतयेगिरी आणि मध्यस्थीला अपात्र विषय एवढीच आहेत. भावकीचा दबाव त्या यादीत नाही. हा आक्षेप मला खोडता येत नाही. एवढंच म्हणता येतं की कोर्टात लढणारी बहीणही वीस वर्षांनी थकून सही करतेच. प्रशिक्षित मध्यस्थ तिला भावांपासून वेगळं बसवून ऐकू शकतो, आणि तिथे बोललेलं कोर्टात वापरता येत नाही. पण हे काम लोकअदालतीच्या शनिवारच्या गर्दीत होणारं नाही. त्याला दोन-तीन बैठका लागतात आणि तिचा स्वतःचा वकील लागतो. गावपातळीवरची तंटामुक्त समिती तर यात नकोच. 2007 साली सुरू झालेल्या त्या मोहिमेने बांधावरची कितीतरी भांडणं थांबवली असतील, पण गाव तंटामुक्त ठरलं की बक्षीस मिळतं, तिथे तक्रार करणारी बाई गावाच्या वाटेत उभी राहते.

सक्तीबद्दल माझं मत अजून एका जागी ठरत नाही. मध्यस्थीच्या मूळ विधेयकात दाव्याआधी मध्यस्थीची सक्ती होती. 2023 च्या कायद्यात ती ऐच्छिक झाली, तेव्हा मला वाईट वाटलं होतं. पण व्यापारी दाव्यांत 2018 पासून अशी सक्ती आहे आणि तिथला अनुभव उमेद वाढवणारा नाही. समोरचा हजरच राहत नाही, तसा अहवाल मिळतो, आणि तो कागद जोडून दावा दाखल होतो. आपल्याकडे हे नवंही नाही. 1875 च्या दख्खनच्या दंग्यांनंतर 1879 साली जो कायदा आला, त्यातही शेतकऱ्यासंबंधीच्या दाव्याआधी समेट अधिकाऱ्याचा दाखला सक्तीचा होता. सक्तीने दाखला मिळतो, बोलणं होत नाही. असं लिहितो खरा, पण वाटपाच्या दाव्यात निदान पहिली बैठक सक्तीची असावी, असंच मला आतून वाटतं. सख्खी भावंडं एका खोलीत बसवायला दुसरं कोणी उरलेलं नसतं.

तालुक्याच्या विधी सेवा समितीत पॅनेलवर बसणाऱ्यांना, वकिलांना आणि घरातल्या थोरल्या भावांना माझी एकच विनंती आहे. वाटपाच्या तडजोडीचा कागद तयार झाला की बहिणीची सही त्याच दिवशी घेऊ नका. तो तिला घरी नेऊ द्या, वाचू द्या, आणि पुढच्या तारखेला एकटीला आत बोलावून विचारा.