पौषातली छाटणी, चैत्रातला मोगरा

मोगऱ्याची छाटणी मी पौषातच करते. सासूबाईंनी घालून दिलेली शिस्त आहे ही. थंडीत झुडपाचं पाणी तोडायचं, पानं पिवळी पडली तरी कळवळायचं नाही. मग फांद्या निम्म्याने छाटायच्या, मुळाभोवतीची माती हलक्या हाताने उकरून तिला ऊन दाखवायचं आणि शेणखत घालून पुन्हा पाणी सुरू करायचं. मोगऱ्याला कळी धरते ती नव्या फुटीच्या टोकाला. जुन्या फांद्यांवर जीव ठेवला तर झाड नुसतं पानांनी माजतं. यंदा माघ सरता सरता पोपटी धुमारे आले आणि पाडव्याच्या गुढीला झेंडूच्या हारासोबत घरच्या मोगऱ्याचा गजरा चढला.

पुण्यात एप्रिलचं ऊन चाळिशीला टेकतं, तेव्हा माणसं दारं-खिडक्या लावून घेतात. मोगऱ्याला मात्र हेच ऊन मानवतं. आमच्याकडे बटमोगराही आहे आणि मदनबाणही. बट गोल, घट्ट, भरगच्च. मदनबाणाची कळी लांबट आणि टोकदार. उन्हं कलली की मी टपोऱ्या कळ्या मिटलेल्या असतानाच खुडते. दिवेलागणीला त्या ओंजळीत घेतल्या, तर उमलताना वास कसा वाढत जातो ते कळतं. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ आणि पन्ह्याबरोबर प्रत्येकीच्या हातात यातली फुलं पडतात. विकतच्या गजऱ्याला ही सर नाही, असं माझं ठाम मत आहे.

कढीलिंब आणि लिंबोणीही याच सुमाराला कोवळी होतात. त्या पालवीवर काळं-पिवळं फुलपाखरू अंडी घालतं. त्याची अळी लहानपणी हुबेहूब पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी होताना हिरवीगार होते. काहीजणी औषध फवारायला सांगतात. मी फवारत नाही. झाड थोरलं असेल तर पुन्हा फुटतं, आणि आमटीपुरता कढीलिंब उरतोच.

चाफा तर एकही पान नसताना फुलतो. मे फ्लॉवरचा कंद सगळा हिवाळा मातीत गुडुप असतो. पहिल्या वळवाच्या आसपास जमिनीतून जाड देठ वर येतो आणि त्यावर शंभराहून जास्त बारीक फुलांचा लालभडक चेंडू उघडतो. पानं मागून येतात. मूळची ही वनस्पती आफ्रिकेतली, पण पुण्याच्या जुन्या बंगल्यांच्या कुंपणाशी ती अगदी घरची झाली आहे.

या सगळ्याला पाणी किती लागतं, असं लोक विचारतात. वाटतं त्याहून कमी. फाल्गुनात कडुनिंब पानं गाळतो, ती मी झाडून प्रत्येक आळ्यात आणि कुंडीत चार बोटं जाड पसरते. भर दुपारी त्या थराखाली बोट घातलं तर माती गार आणि ओलसर लागते. मग सकाळी ऊन चढण्याआधी एकदा दिलेलं पाणी बहुतेक झाडांना दिवसभर पुरतं. पावसाळ्यापर्यंत खालचा थर कुजून खत होतो. आणि आमच्याच रस्त्यावर सकाळी हाच पाचोळा ढीग करून पेटवतात, धूर घरात येतो, म्हातारी माणसं खोकत बसतात. मला याचा फार राग येतो.

तुमच्या आवारात पाचोळा साठला असेल तर तो कृपा करून जाळू नका. झाडांच्या बुंध्याशी पसरा. तुम्हाला नकोच असेल तर पोत्यात भरून फाटकापाशी ठेवा आणि बाग करणाऱ्या शेजाऱ्याला सांगा. तो आनंदाने घेऊन जाईल.