ट्रिगरच्या आधी काय झालं?

ट्रिगर म्हटलं की बंदुकीचा घोडा आठवतो. आधी घोडा, मग गोळी. डेटा ॲक्विझिशनमध्ये नवीन आलेली मंडळीही असंच धरून चालतात, की सिग्नल आला की मोजमाप सुरू. चूक नाही, पण अर्धंच आहे.

मागे आमच्याकडे एक केस आली होती. एका कारखान्यातलं कंट्रोलर कार्ड रात्री कधीतरी आपोआप रीसेट व्हायचं. कधी दोनला, कधी पहाटे पाचला. सगळ्यांचा संशय रात्रपाळीच्या ऑपरेटरवर. "काका, तुम्हीच बटण दाबता ना?" असं त्यांना तोंडावर विचारून झालेलं. नोकरी जायचीच बाकी होती.

"रात्रभर सगळं रेकॉर्ड करा की!" ही पहिली सूचना. आता हिशोब बघा. चार चॅनल, प्रत्येकी सेकंदाला १० लाख सॅम्पल, सॅम्पलला दोन बाइट. दहा तासांत २८८ जीबी झाले. डिस्क मिळेल हो, पण असं किती रात्री करणार?

त्यापेक्षा ट्रिगर लावला. ५ व्होल्टची सप्लाय ४.५ च्या खाली उतरली की पकड. गंमत अशी की कार्ड तोवर गप्प बसलेलं नसतं. ते सतत मोजतच असतं, एका गोल बफरमध्ये. नवं लिहायचं, जुनं पुसायचं. ट्रिगर येतो तेव्हा तो 'सुरू कर' म्हणत नाही, 'आता पुसू नकोस' म्हणतो. यालाच प्रीट्रिगर म्हणतात. आम्ही २०० मिलिसेकंद मागचे ठेवले आणि १०० पुढचे.

तिसऱ्या रात्री सापडलं. ५ व्होल्ट कोसळायच्या ३० मिलिसेकंद आधी कॉम्प्रेसरचा कॉन्टॅक्टर ओढला गेला होता, मग २४ व्होल्ट बसले, मग ५. दर वेळी नाही, लाइनवर आधीच लोड असेल तेव्हाच. आणि बटणाचा चॅनल? सरळ रेघ. मोजमाप ट्रिगरपासून सुरू केलं असतं तर फक्त कोसळणं दिसलं असतं, आणि काकांवरचा संशय तसाच राहिला असता.

सर्नमध्येही हीच युक्ती, फक्त आकडे डोकं फिरवणारे. २०१५ ते २०१८ च्या काळात एलएचसीमध्ये प्रोटॉनचे गुच्छ २५ नॅनोसेकंदांच्या अंतराने एकमेकांना छेदत होते. ॲटलास डिटेक्टरचा पहिल्या पातळीचा ट्रिगर त्यातले सेकंदाला जास्तीत जास्त १ लाख प्रसंग पुढे सोडायचा. ठरवायला वेळ २.५ मायक्रोसेकंद, तोवर डेटा बफरमध्ये ताटकळत. नाकारलं ते कायमचं गेलं, परत मागता येत नाही. तिथे ट्रिगरचा मेनू ठरवणाऱ्यांना रात्री झोप कशी लागत असेल, देव जाणे.

आम्हाला ४.५ हा आकडा ठरवतानाच दीड तास वाद झाला होता. लेव्हल फार वर ठेवली तर नॉइजनेच ट्रिगर उडत राहतो, फार खाली ठेवली तर खरी घटना निसटते. त्यावर हिस्टेरेसिस हा उपाय आहे, पण तो पुढच्या वीकांताला.