बोट ठेवलं की थांबतं

आमच्या जळगावात डीजे म्हणजे माणूस नव्हे. डीजे म्हणजे आयशर गाडी, तिच्यावर भिंतीसारखे रचलेले बॉक्स आणि मागे जनरेटर. लग्नघरी 'डीजे आला का?' असं विचारतात तेव्हा गाडी लागली का, एवढंच विचारायचं असतं. वाजवणारा जो असतो त्याला ऑपरेटर म्हणतात, आणि वरातीत त्याच्याकडे कुणी बघत नाही.

माझा भाचा असा ऑपरेटर आहे. पिंप्राळा हुडकोत राहतो. दिवसा एमआयडीसीतल्या चटईच्या कारखान्यात लूमवर आणि लग्नसराईत संध्याकाळी गाडीवर. दोन वर्षांपूर्वी त्याला स्वतःचा कंट्रोलर घ्यायचा होता. सेकंडहँड, १९ हजारांना. दुलाभाईंनी साफ नकार दिला. त्यांच्या मते ही कमाईच नाजायज. आपा गप्प होती. पैसे मी दिले. गाणं-बजावणं जायज की नाजायज या वादात मला पडायचं नव्हतं. पोराच्या हातात काहीतरी कसब येतंय, एवढंच मला दिसत होतं. आज हे लिहितोय ते त्या १९ हजारांमुळेच.

यंत्र घरी आलं त्या संध्याकाळी त्याने आम्हा सगळ्यांना समोर बसवलं. पेटीवर दोन गोल चकत्या, मध्ये वरखाली सरकणाऱ्या पट्ट्या, खाली रबराची बटणं. गाणी लॅपटॉपमध्ये, पेटी फक्त हाताच्या हालचाली त्याला कळवते. "मामू, इस पे हाथ रखो. दबाने का नै, सिर्फ रखने का." मी चकतीच्या वरच्या पत्र्यावर बोट टेकवलं आणि गाणं जागच्या जागी थांबलं. उचललं, पुन्हा सुरू. बोट ठेवूनच चकती मागे ढकलली तर गाणं उलटं फिरून तो ओळखीचा 'विका-विका' आवाज. कडेला धरून फिरवली तर मात्र थांबत नाही, चाल तेवढी किंचित पुढे-मागे होते. दोन गाण्यांचे ठोके जुळवायला ती कड लागते.

आत बटण नाही, स्प्रिंग नाही. आपलं अंग वीज थोडी धरून ठेवतं; पत्र्याला बोट लागलं की तिथला विद्युतभार जरासा बदलतो आणि यंत्राला तेवढ्यानेच कळतं. मोबाइलचा पडदाही याच तऱ्हेने चालतो. काडीने, पेनाच्या टोपणाने काही होत नाही. कातडी हवी.

आपाने घाबरतच बोट ठेवलं. गाणं थांबलं. ती हसायला लागली. रेशन दुकानातल्या मशीनवर तिचा अंगठा लागत नाही. बारा वर्षं दालमिलमध्ये डाळ निवडून, घरी भांडी घासून बोटांवरच्या रेषाच पुसल्या गेल्यात. दर महिन्याला सगळी बोटं फिरवून फिरवून शेवटी कधीतरी एखादं लागतं, नाहीतर उद्या या. इथे पहिल्या फटक्यात लागलं! मी सांगितलं की ते मशीन रेषा वाचतं, याला रेषांशी घेणंदेणं नाही, जिवंत बोट असलं की पुरे. "अच्छी मशीन है," ती म्हणाली. दुलाभाई तोवर नमाजला निघून गेले होते.

ही थांबवण्याची युक्ती कुठून आली, ते मी नंतर वाचलं. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये १९७०च्या दशकात थिओडोर लिव्हिंगस्टन नावाचा एक मुलगा घरात मोठ्याने तबकड्या लावून बसला होता. आईने दार वाजवलं, आवाज कमी कर म्हणून ओरडली. ती बोलत असताना त्याने फिरती तबकडी हाताने धरून ठेवली, आणि धरल्या धरल्या मागेपुढे हलवली. तो खरखरीत आवाज त्याला आवडला. पुढे तो ग्रँड विझर्ड थिओडोर म्हणून ओळखला गेला, आणि स्क्रॅचचा जन्म म्हणून हीच गोष्ट तो स्वतः सांगत आला आहे. १९७२ साली जपानच्या मात्सुशिताने टेक्निक्स एसएल-१२०० हा रेकॉर्ड प्लेयर बाजारात आणला होता. त्यात मोटर थेट चकतीलाच जोडलेली, मध्ये रबरी पट्टा नाही. तबकडीखाली कापडाचा सरकता तुकडा घातला की वरची तबकडी हाताने धरली तरी खालची चकती फिरत राहते. पोरांना अशीच वस्तू हवी होती. आता ना तबकडी आहे, ना तिच्यावरची खाच. उरलाय तो फक्त हात ठेवण्याचा रिवाज, आणि त्यासाठी पत्र्याला बोट ओळखायला शिकवलंय.

(आषाढी एकादशीला पिंप्राळ्यात विठ्ठलाचा रथ निघतो. एवढा अवजड रथ थांबवायचा, वळवायचा तो चाकाखाली लाकडी मोगरी सरकवून. लहानपणी आम्ही रथापेक्षा मोगरी लावणाऱ्यांकडेच बघत राहायचो. भाच्याला हे सांगितलं, त्याला काही विशेष वाटलं नाही.)

गाडीवर हे नाजूक यंत्र नीट चालत नाही, हेही त्यानेच सांगितलं. गाडी रबरी टायरवर उभी, वीज जनरेटरची, अर्थिंगचा पत्ता नाही. मग पत्रा कधी बोट ओळखतच नाही, तर कधी कुणी हात न लावता स्वतःच अडखळतो. वरातीत नवरदेवासमोर गाणं अडखळलं तर शिव्या ऑपरेटरला. म्हणून बहुतेक जण तो स्पर्शाचा भाग बंद करून ठेवतात. यंत्रावर तसं बटणच असतं. मग जे उरतं ते बटण दाबून गाणं सुरू करणं आणि आवाज चढवणं. वरातीतली पोरं येऊन "बेस वाढव ना भो" एवढंच म्हणतात. ते कसब, ज्यासाठी मी पैसे दिले, ते तो घरी, हेडफोन लावून, एकटाच करतो.

गेल्या उन्हाळ्यात तो म्हणाला, कानात रातकिडे ओरडतात. आधी वरातीनंतर रात्रभर ओरडायचे, सकाळी थांबायचे. आता थांबत नाहीत. मी त्याला डॉक्टरांकडे नेलं. तपासणीच्या कागदावर रेघ सरळ चाललेली आणि ४००० हर्ट्झजवळ खड्ड्यासारखी खाली. मोठ्या आवाजाने बिघडलेल्या कानाची ही खूण. आतल्या कानात ज्या सूक्ष्म केसांच्या पेशी असतात त्या माणसात एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. डॉक्टरांनी विचारलं, काम काय करतोस? डीजे म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. लूमचं सांगितल्यावर पुन्हा हलवली. कुठल्या आवाजाने किती खाल्लं, हे कोण सांगणार?

हिशेब मात्र ठरलेला आहे. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेच्या मोजणीप्रमाणे ८५ डेसिबल आवाज दिवसाला आठ तास चालतो. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होत जातो. १०० डेसिबलला १५ मिनिटं. वरात तीन-तीन तास चालते आणि ऑपरेटर बॉक्सला चिकटून उभा. आपल्याकडे २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत. वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि रात्री १० ते सकाळी ६ भोंगे बंद. ते नियम रहिवाशांसाठी. गाडीवर उभ्या पोराच्या कानाचा विचार त्यात कुठे दिसत नाही.

आणि आपण तरी कुठे करतो? सप्टेंबर २०२४ मध्ये ईद-ए-मिलादच्या जुलूसमधल्या डीजेबद्दलची याचिका मुंबई उच्च न्यायालयात आली, तेव्हा गणेशोत्सवात जो आवाज घातक तो ईदलाही घातकच, असं न्यायालय म्हणालं. मशिदीबाहेर चहा पिताना यावर आमच्यात बराच वाद झाला. 'आधी त्यांचं बंद करा, मग आमचं', हे दोन्हीकडचं आवडतं वाक्य. ज्यांच्या नावाने जुलूस निघतो त्यांना हा दणदणाट रुचला असता का, हे विचारणारे दोघे-तिघेच होते. दुलाभाई त्यांच्यात होते. नाजायज या शब्दावर मी त्यांच्याशी सहमत नव्हतो, पण त्या दिवशी मी त्यांच्या बाजूने बोललो.

भाच्याने गाडी सोडलेली नाही. कानात फोमचे बोळे घालतो, कारखान्यात आणि वरातीतही. दोस्त हसतात. सोड म्हणायला माझी जीभ वळत नाही. लूमच्या पगारात बहिणीचं लग्न होत नाही हे मलाही कळतं.

परवा रात्री त्यांच्याकडे गेलो होतो. तो कोपऱ्यात हेडफोन लावून चकतीवर बोटं फिरवत बसलेला. आपाने स्वयंपाकघरातून तीन हाका मारल्या. त्याला ऐकू आल्या नाहीत, हेडफोनमुळे की कानामुळे, ते मला कळेना. मग ती पदराला हात पुसत आली आणि फिरत्या चकतीवर बोट ठेवलं. त्याने मान वर केली. तिने बोट उचललं तर पुन्हा सुरू होईल, हे तिला आता माहीत आहे. त्याने हेडफोन काढेपर्यंत तिने ते तसंच ठेवलं.

"चल बेटा, मामू भी आए," ती म्हणाली, जरा मोठ्याने.