चारशेचा क्रँक

इंजिन मोठं करायचं म्हटलं की सिलिंडर बोअर करून रुंद करावा, हे कुणालाही आधी सुचतं. पण ब्लॉकची भिंत ठरावीक जाडीचीच असते, तिला फार खरवडता येत नाही. दुसरी वाट क्रँकशाफ्टमधून जाते आणि मला तीच जास्त देखणी वाटते. जात्याचा खुंटा मधल्या खिळीपासून थोडा लांब बसवला तर हात मोठा फेरा घेतो. क्रँकचंही तसंच. क्रँकपिन मध्यापासून जितकी लांब, तितका पिस्टनचा हेलपाटा, म्हणजे स्ट्रोक, मोठा आणि तितकी जास्त हवा आत. बाहेरून मात्र इंजिन होतं तेवढंच दिसतं.

अमेरिकेत शेवरलेने १९५५ साली २६५ घनइंचांचं व्ही-एट इंजिन आणलं. त्याच घडणीतून पुढे २८३, ३२७, ३५०, ४०० अशी भावंडं निघत गेली. कुणाचा बोअर वेगळा, कुणाचा स्ट्रोक वेगळा, पण क्रँकच्या मध्यापासून ब्लॉकच्या माथ्यापर्यंतची उंची सगळ्यांची एकच: ९.०२५ इंच. हे माप बदललं नाही म्हणूनच एकाच्या पोटातला भाग दुसऱ्याच्या पोटात जाऊ शकला.

यातलं ४०० हे नावडतं. १९७० साली ते आलं आणि मोठमोठ्या सेडानना, पिकअपना जुंपलं गेलं. त्याचे सिलिंडर इतके रुंद की शेजारच्या भिंती एकमेकींना चिकटलेल्या; मधून पाणी खेळायला जागाच नाही. वाफ निघून जावी म्हणून हेडला बारीक भोकं पाडावी लागत. तापणारं इंजिन म्हणून त्याचं नाव खराब झालं आणि १९८० नंतर ते बंदही पडलं. पण त्याच्या क्रँकचा स्ट्रोक होता ३.७५ इंच. ३५०चा ३.४८. हौशी मेकॅनिकांची नजर नेमकी तिथे गेली.

झिजलेल्या ३५०चा ब्लॉक तसाही ३० थाऊ, म्हणजे ०.०३ इंच, बोअर करावा लागतोच. ४ इंचांचा बोअर ४.०३ होतो. त्यात ४००चा क्रँक बसवून आठ सिलिंडरांचा हिशोब मांडला की उत्तर येतं ३८३ घनइंच. म्हणजे ५.७ लिटरचं इंजिन जवळजवळ ६.३ लिटरचं.

क्रँक मात्र उचलून ठेवला की बसला, असं होत नाही. ४००च्या मेन जर्नलचा, म्हणजे क्रँक बेअरिंगमध्ये फिरतो त्या भागाचा, व्यास २.६५ इंच, ३५०च्या ब्लॉकमधली बेअरिंगं २.४५ची. पाचही जर्नल्स ग्राइंडिंगच्या मशीनवर घेऊन व्यासात पाच मिलिमीटर उतरवायची, कडेच्या गोलाईला धक्का न लावता. कारण क्रँकला तडा जातो तो त्याच कोपऱ्यातून. आपल्याकडे तालुक्याच्या गावीही क्रँक ग्राइंडिंगची दुकानं असतात. दगडाखालून निघालेल्या जर्नलवरून अंगठा फिरवून पाहणारा तिथला कारागीर या कामाची किंमत बरोबर ओळखेल.

मग पिस्टनला क्रँकशी जोडणारा रॉड. स्ट्रोक ०.२७ इंचांनी वाढला, म्हणजे पिस्टन वर ०.१३५ इंच जास्त चढणार आणि ब्लॉकच्या माथ्याबाहेर डोकावणार. ४००चा स्वतःचा रॉड ५.५६५ इंचांचा आहे. ३५०च्या ५.७ इंचांतून तो वजा केला तर उरतात बरोबर ०.१३५. कारखान्यातल्या कुणीतरी हा हिशोब आधीच मांडून ठेवला होता! हे गणित पहिल्यांदा उमगलं तेव्हा मला विलक्षण आनंद झाला. आखूड रॉड नको असेल तर ५.७चाच ठेवून पिस्टनमधली पिन तेवढी वर घेतलेले पिस्टन वापरतात.

तोल हा तर निराळाच विषय. लांब स्ट्रोकच्या क्रँकला पुरेसं वजन पोटात सामावता येईना, म्हणून ४००मध्ये ते थोडं पुढच्या बॅलन्सरवर आणि थोडं मागच्या फ्लायव्हीलवर दिलेलं होतं. क्रँक आणला की हे दोन्हीही आणायचे, नाहीतर इंजिन थरथरून बेअरिंगांचा जीव घेतं. शिवाय मोठा फेरा घेणारा रॉड ब्लॉकच्या खालच्या काठाला किंवा वरच्या कॅमशाफ्टला घासू शकतो. म्हणून सगळं जुळवल्यावर क्रँक हाताने, सावकाश फिरवून प्रत्येक रॉडपाशी फट तपासतात आणि अडेल तिथे ब्लॉक ग्राइंडरने खातात. या कामात घाई करणाऱ्याने इंजिनाला हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

शेवरलेने स्वतःही ही अदलाबदल केली होती, पण उलट दिशेने. ट्रान्स-ॲम शर्यतींत इंजिनाला ५ लिटरची मर्यादा होती. १९६७च्या कॅमेरो झी/२८साठी त्यांनी ३२७च्या ४ इंची बोअरला २८३चा ३ इंची स्ट्रोक दिला आणि ३०२ घनइंचांचं, उंच आरपीएमवर गाणारं इंजिन घडवलं. ३८३चा स्वभाव याच्या विरुद्ध. हेड जुनीच ठेवली तर वरच्या आरपीएमला त्याचा श्वास अपुरा पडतो; पण खालच्या टप्प्यात, चढावर किंवा ओझं ओढताना, त्याचा जोर कळतो. रोज चालवायच्या गाडीला मी हाच जोर पसंत करेन.

कारखान्यातून निघालेल्या शेवरलेच्या एकाही गाडीत ३८३ बसवलेलं नव्हतं. गॅरेजांनी हा आकडा इतका रूढ केला की पुढे शेवरलेच ३८३ नावाची तयार इंजिनं विकू लागली, त्यासाठी खास बनवलेल्या क्रँकसह.