व्यक्तिस्वातंत्र्य आणि ग्रामण्य

सरकारनें नागरिकाच्या जीवितवित्ताचें रक्षण करावें, करार पाळले जातात कीं नाहीं एवढें पाहावें, आणि बाकीचा सर्व व्यवहार ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोपवावा, असें मानणारे माझे एक विद्वान् स्नेही आहेत. या मताला हल्लीं लिबर्टेरिअनिझम म्हणतात. हर्बर्ट स्पेन्सरच्या वाचकांस तें अगदींच नवखें वाटूं नये. जातिभेदाचा या गृहस्थांना मनापासून तिटकारा आहे. तथापि शेजाऱ्यानें शेजाऱ्याकडे पाणी न पिण्याचें ठरविलें तर त्यांत जुलूम कोठें आला, असा त्यांचा प्रश्न असतो. कोणी हात उगारला नाहीं, कोणाची चीजवस्तु हिसकावली नाहीं; मग स्वातंत्र्याला बाध कसला?

प्रश्न टाकाऊ नाहीं. ज्याच्याशीं मला बोलावयाचें नाहीं त्याच्याशीं बोलण्यास पोलिसानें मला भाग पाडावें, हें मलाहि रुचणार नाहीं. पण हा प्रश्न ऐकला कीं मला पंचहौद मिशनमधील चहा आठवतो. 1890 च्या ऑक्टोबरांत पुण्यास त्या मिशनमध्यें व्याख्यानानिमित्त जमलेल्या मंडळींपुढें चहा-बिस्किटें आलीं. गोपाळराव जोशी यांनीं (आनंदीबाईंचे पति, विक्षिप्तपणांत त्यांचा हात धरणारा विरळा) हजर असलेल्यांचीं नांवें वृत्तपत्रांत छापविलीं, आणि ग्रामण्य उभें राहिलें. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, त्यांच्या वतीनें चौकशी झाली, आणि 1892 मध्यें रानड्यांनीं प्रायश्चित्त घेतलें. पुढच्याच वर्षीं ते मुंबईच्या हायकोर्टांत न्यायमूर्ति झाले. इंग्रज सरकारचा एकहि शिपाई या चहापायीं कोणाच्या दारीं गेला नव्हता.

मग एवढ्या मोठ्या माणसाला वांकविलें कोणीं? भटजी श्राद्धाला येईनासा होतो, मुलीचें लग्न अडतें, सासरीं गेलेली लेक माहेरीं येऊं शकत नाहीं, आणि घरांत मृत्यु झाला तर खांदा द्यावयास चार माणसें मिळतील कीं नाहीं याची धास्ती लागते. यांतील प्रत्येक नकार सुटा घेतला तर माझ्या स्नेह्यांच्या हिशेबीं निर्दोष ठरेल. परंतु ते सुटे नसतात, हीच ग्रामण्याची मेख आहे. वाळींत टाकलेल्याच्या पंक्तीस जो बसेल तोहि वाळींत जातो. 1869 सालीं मुंबईस झालेल्या पुनर्विवाहांत ज्यांनीं केवळ पुढाकार घेतला, त्यांच्यावरहि बहिष्कार पडलाच. म्हणजे ज्याला रानड्यांकडे आनंदानें जेवावयाचें होतें त्याचेंहि स्वातंत्र्य गेलें. एकटाच द्वेष करीत बसणारा मनुष्य माझ्या स्नेह्यांच्या तत्त्वज्ञानांत खुशाल राहो; शेजाऱ्यानेंहि द्वेष केलाच पाहिजे, नाहीं तर त्याची खैर नाहीं, असें म्हणणारा मात्र त्यांत मावत नाहीं.

कांहीं वर्षांपूर्वीं मुंबईंत भाड्याचें घर पाहात असतां एक वयस्क घरमालक मला म्हणाले, “मला कांहीं अडचण नाहीं हो. पण तुमच्या स्वयंपाकघरांत मासळी शिजली तर या मजल्यावरचे लोक माझ्याशीं बोलायचे बंद होतील.” त्यांची मालकी कागदोपत्रीं निर्वेध होती. आपल्या घरांत कोणाला ठेवावें हें ठरविणें मात्र त्यांच्या हातीं उरलें नव्हतें.

मिलनें 1859 सालींच समाजाचा जुलूम राजाच्या जुलुमाहून खोल जातो असें बजावलें होतें. आगरकरांनीं मिल आणि स्पेन्सर दोघेहि पचविले होते. तरी 1891 मध्यें संमतिवय दहावरून बारा करण्याचा वाद माजला तेव्हां ते कायद्याच्या बाजूनें उभे राहिले, आणि परक्या सरकारनें यांत हात घालूं नये असें टिळक म्हणाले. आगरकरांची प्रेतयात्रा त्यांच्या हयातींतच पुण्यांत निघाली होती. सरकार दूर राहिलें म्हणजे व्यक्ति मोकळी होते, यावर त्यांचा विश्वास बसता तरच नवल!

कायद्यालाहि हें कोडें सहज सुटलेलें नाहीं. मुंबई सरकारचा 1949 चा बहिष्कारबंदीचा कायदा सुप्रीम कोर्टानें 1962 मध्यें रद्द ठरविला, तो दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या अर्जावर आणि धर्मपंथाच्या स्वातंत्र्याच्याच नांवानें. महाराष्ट्रानें 2016 मध्यें नवा कायदा केला. त्यांत सामाजिक बहिष्कारास तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्हीहि सांगितलें आहे. जातपंचायतीच्या फतव्याला तो लागू पडतो, आणि पडावाच. फतवा निघाला कीं पंच सांपडतात. त्या घरमालकांच्या मजल्यावर मात्र कोणी सभा भरविली नव्हती कीं कागदावर एक ओळ लिहिली नव्हती. जिन्यांत भेटल्यावर कोण हसेल आणि कोण मान फिरवील, एवढेंच त्यांना ठाऊक होतें.